मामांची बंडी आणि बत्तीस गुंठे

२०२१ च्या जुलैत कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा आम्ही म्हशी घेऊन माळावरच्या पाहुण्यांकडं गेलो होतो. पाणी उतरल्यावर परत आलो, तर नदीकाठचं आमचं बत्तीस गुंठे रान गाळाखाली. उसाचे शेंडे कुजलेले, सरीतल्या पाण्याला नासक्या अंड्याचा वास. मामा, म्हणजे माझे सासरे, बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, "रान मेलं बग."

तेव्हा मला ते त्राग्याचं बोलणं वाटलं होतं.

माझं शिक्षण बी.एस्सी., विषय सूक्ष्मजीवशास्त्र. लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग दही नीट विरजण्यापुरता. नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत, पाळीची नोकरी. महापुरानंतर मामांच्या गुडघ्यानं दगा दिला आणि रान बघायचं काम माझ्याकडं आलं. आलं म्हणजे कुणी दिलं नाही, दुसरं कुणी नव्हतं.

रान मेलं म्हणजे काय झालं होतं, ते जुन्या वह्या काढल्यावर आठवलं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत निम्मी हवा, निम्मं पाणी असेल तर तो वाफसा. पूर आला की सगळ्या पोकळ्यांत पाणी. उरलासुरला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो आणि हवेवर जगणारे जिवाणू मरतात किंवा झोपी जातात. मग हवेविना जगणारे वर येतात. ते आधी नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात, म्हणजे आपण विकत आणून टाकलेलं नत्र वायू होऊन आभाळात जातं. नायट्रेट संपलं की सल्फेट. तो नासक्या अंड्याचा वास त्याचाच. मुळांना धरून राहणारी मायकोरायझा नावाची बुरशी तर जिवंत मूळच नसेल तर उपाशी मरते. जमिनीवरच्या बहुतेक वनस्पती या बुरशीशी भागीदारी करून राहतात. आपली साखर तिला देतात, आणि तिचे केसापेक्षा बारीक धागे मुळी पोहोचत नाही तिथून स्फुरद (फॉस्फरस) आणून देतात. आमच्या रानात ऊसच कुजला, तर भागीदार कुठून राहणार?

वहीतलं एवढं आठवल्यावर मला वाटलं, झालं, सोपं आहे. मेलेले जिवाणू परत सोडायचे.

नोव्हेंबरात पूर्वहंगामी लागण केली, बेणं ८६०३२ या जातीच्या उसाचं. दुकानातून पुड्या आणल्या: उसाला हवेतलं नत्र मिळवून देणारा ॲसिटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू आणि ट्रायकोडर्मा. पुड्या पत्र्याच्या शेडमधल्या फळीवरच्या. मी त्या गाडीच्या डिकीत टाकल्या आणि वाटेत लक्ष्मीपुरीत दोन तास दुसरी कामं उरकत बसले. रानात आल्यावर बायका बेणं तोडून बसलेल्या, उशीर झालेला, म्हणून एकच बॅरल भरला. त्यात कार्बेन्डाझिम, त्यातच कीटकनाशक आणि त्यातच तिन्ही पुड्या. टिपऱ्या, म्हणजे बेण्याचे तुकडे, बुडवल्या, लावल्या, पाणी दिलं.

ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आहे. माझ्या पदवीच्या कागदावर ही दोन वाक्यं एकाखाली एक छापायला हवीत.

चूक ध्यानात आली ती चार दिवसांनी, भाकरी थापताना. सगळं नीट केलं असतं तरी काही झालं असतं का, हे बघायला उरलेली अर्धी पुडी घेऊन मी मैत्रिणीकडं गेले. ती एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सांभाळते. तिनं पिकोवस्काया माध्यमाच्या प्लेटा ओतून ठेवल्या होत्या. या माध्यमात न विरघळणारं कॅल्शियम फॉस्फेट घातलेलं असतं, त्यामुळं प्लेट दुधाळ दिसते. जिवाणू खरंच स्फुरद विरघळवणारा असेल तर तो सेंद्रिय आम्लं सोडतो आणि त्याच्या ठिपक्याभोवती दुधाळ थर नाहीसा होऊन स्वच्छ काचेसारखं कडं उमटतं. पुडीवर लिहिलं होतं, ग्रॅमला किमान ५ कोटी जिवाणू. सरकारी नियमातही पुडीच्या खतासाठी तोच आकडा आहे. म्हणजे दहा लाख पट पातळ केलेल्या द्रावणाच्या एका मिलिलिटरात पन्नासेक ठिपके यायला हवेत. आमच्या तीन प्लेटांत मिळून कडं असलेला ठिपका आला एक. बाकी दोन-चार भलतेच कुणीतरी, पिवळे आणि चिकट.

हा दोष कारखान्याचा की पत्र्याच्या शेडचा की माझ्या डिकीचा, ते कळायला मार्ग नव्हता. मला तिघांचाही संशय आहे. तेव्हापासून पुडी घेताना मी आधी तारीख बघते, मग दुकानात ती कुठं ठेवलीय ते बघते. सावलीत, गारव्यात नसेल तर पुढचं दुकान.

घरी येऊन हे सांगितल्यावर मामा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. पण म्हणाले, "ती पुडीत मेली, आमची रानात मेली. जिती हाईत कुठं, ते तरी दाव."

दाखवायचं कसं? रानात सूक्ष्मदर्शक नेता येत नाही. तेव्हा कुठंतरी वाचलेलं आठवलं. कॅनडात शेतकरी सुती चड्डी जमिनीत पुरतात आणि दोन महिन्यांनी काढून बघतात. कापूस म्हणजे सेल्युलोज, जिवाणू-बुरशींचं खाणं. माती जिवंत असेल तर चड्डीचं इलॅस्टिक तेवढं उरतं. चड्डी पुरायची गोष्ट सासऱ्यांपुढं काढायची माझी छाती झाली नाही. मी त्यांच्या दोन जुन्या बंड्या मागितल्या. पांढऱ्या, सुती, पोटाला खिसा असलेल्या.

"मातीला बंडी घालालीस व्हय?"

फेब्रुवारीत एक बंडी उसाच्या सरीत वीतभर खोल पुरली आणि दुसरी परसात शेवग्याखाली, जिथं आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, वर्षानुवर्षं शेणाची पाटी, राख, भाजीची देठं टाकतात. खुणेला काठ्या रोवल्या. एप्रिलमध्ये काढल्या. रानातली बंडी मळकट, डागाळलेली, पण अख्खी. मामांनी झटकून उन्हात धरली, "धुऊन घालतो की." परसातली बंडी निघालीच नाही. हातात आली ती शिवणीच्या टेरिकॉट दोऱ्याची जाळी, चार बटणं आणि खिशाच्या कोपऱ्याचा एक तुकडा, बोट लावताच विरघळणारा. मामा ती बटणं तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिले.

त्याच आठवड्यात माती परीक्षणाचा कागद आला. सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, म्हणजे 'कमी'. स्फुरद मात्र भरपूर. वर्षानुवर्षं लागणीला अठरा-शेचाळीस खताची (डीएपी) पोती ओतल्याचा हिशोब तो. चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीत स्फुरद कॅल्शियमबरोबर घट्ट बसतं आणि मुळीला मिळत नाही. पैसे आहेत पण पतपेढी बंद, असला प्रकार. ते कुलूप उघडणारे जिवाणू मी विकत आणत होते, आणि त्यांना खायला रानात काहीच नव्हतं. सगळं पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, दरवर्षी काडी लावून जाळलेलं.

हे मला फार उशिरा कळलं आणि मामांना एका वाक्यात. मी कर्ब, ऊर्जा वगैरे सांगत होते. ते म्हणाले, "म्हंजे बाजारातनं म्हस आणून गोठ्यात बांधली आणि वैरण ठेवली न्हाई." तेवढंच आहे. नंतर कुणाला समजावताना मी हेच वाक्य वापरत आले.

तो ऊस २०२३ च्या फेब्रुवारीत कारखान्याला गेला. सत्तावीस टन. पूर आलेल्या रानाला वाईट नाही, जिवाणूंचा त्यात काही वाटा असेल असं मला वाटत नाही. ऊसतोडीची टोळी गेल्यावर गुडघाभर पाचट पसरलेलं होतं आणि भावकीतला प्रत्येक माणूस येऊन एकदा तरी म्हणून गेला, "काडी लावा, उंदरं होतील." उंदीर झाले, खोटं कशाला सांगू. सापही दोनदा दिसला. पण खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवर पुन्हा फुटणारा ऊस, पाचटासकट राखला.

शिफारस अशी की बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटायचे, बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढायचं, मग हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत पाचटावर टाकून पाणी द्यायचं. आमच्या रानाला हिशोबानं युरिया पंचवीस किलो आला. मी जिवाणू टाकले, सुपर फॉस्फेट टाकलं, आणि युरिया टाकला नाही. डोक्यात भूत शिरलं होतं. आता सगळं जिवाणूच करतील, रसायन कशाला!

महिन्याभरात खोडवा पिवळा पडला. शेजारचा, पाचट जाळलेला, हिरवागार. ते दिवस वाईट गेले. आत्ती जेवताना बोलत नव्हत्या.

कारण पुन्हा वहीतच होतं. वाळलेल्या पाचटात कर्ब भरमसाट, नत्र अगदी थोडं. प्रमाण सुमारे शंभरास एक. जिवाणूला स्वतःचं शरीर बांधायला नत्र लागतं. पाचटात ते मिळालं नाही की तो जमिनीतलं ओढून घेतो, उसाच्या तोंडचं. कुजणं पुरं झालं, जिवाणू मेले की ते नत्र परत मोकळं होतं, पण तोवर ऊस उपाशी. पाचटावरचा युरिया उसासाठी नसतोच, तो कुजवणाऱ्यांचा पगार असतो. मी कामगार लावले आणि पगार दिला नाही, मग त्यांनी घरातला डबा फोडला. युरिया आणून पाण्याबरोबर सोडला. तीन आठवड्यांत रंग आला. सेंद्रिय शेतीवाले माझ्यावर रागावतील, रागावू देत.

पाचट उचलून बघायची मला तेव्हा सवयच लागली. वरचा थर कोरडा, कुरकुरीत. हात घातला की खाली गार, ओलं, तपकिरी, आणि पानापानांना चिकटवणारी पांढरी जाळी. मामांनी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा "बुरशी आली, रोग पडला" म्हणून मला हाका मारत आले. रोग नव्हता, ते कुजवणाऱ्या बुरशीचे धागे. त्या जागेला वळवाच्या पहिल्या सरीचा वास येत होता. मातीचा म्हणून जो वास आपण म्हणतो तो मुळात तिथल्या ॲक्टिनोमायसीट गटातल्या जिवाणूंचा. ते जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात आणि आपलं नाक ते अगदी कणभर असलं तरी ओळखतं. नासक्या अंड्याच्या वासापासून इथवर यायला पावणेदोन वर्षं गेली होती. जूनमध्ये गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या दिसायला लागल्या. गांडुळं आम्ही सोडली नव्हती.

खोडवा गेला सव्वीस टन. आमचा खोडवा एरवी बावीस-तेवीसच्या वर जात नव्हता. एका वर्षाच्या आकड्यावर मी पैज लावणार नाही. त्या वर्षी पाणी पाळ्यांतलं अंतर वाढलं तरी ऊस कोमेजला नाही, हे मात्र डोळ्यांनी बघितलं.

२०२४ च्या जूनला फेरपालट म्हणून सोयाबीन केलं. यात मजा आली, कारण इथं जिवाणूचं काम नुसत्या डोळ्यांनी दिसतं. दहा किलो बियाण्याला पाव किलो रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारे जिवाणू, आणि पाव किलो स्फुरद विरघळवणारे. बी ओट्यावर पसरायचं, गुळाच्या पाण्यात कालवलेलं जिवाणू खत हलक्या हातानं चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. औषध लावायचं असेल तर आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू. या वेळी तीन वेगळ्या पाट्या घेतल्या होत्या, बॅरल नाही. आत्तींनी गूळ उकळून पाणी तसंच गरम पुढं केलं. "गार व्हायला कशाला थांबायचं, मी हात घालून बघितलो की." (आमच्याकडं बायकाही 'बघितलो'च म्हणतात, पुण्याच्या नणंदेला अजून सवय झालेली नाही.) थांबवलं त्यांना. आणि गूळ घ्यायचा तर काळपट. तो पिवळाधमक दिसणारा गूळ हायड्रॉस पावडरनं उजळलेला असू शकतो, जिवाणूंना कशाला ते द्यायचं. कोल्हापुरात राहून गुळाविषयी एवढं तरी कळायला हवं.

एका कडेच्या चार ओळी मुद्दाम बी न चोळता पेरल्या.

चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, ऐन फुलोऱ्यात, खुरप्यानं झाडं खणली. उपटलं तर गाठी तुटून मातीतच राहतात. चोळलेल्या ओळींत सोटमुळाला लागून ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढ्या गाठी, एकेका झाडाला तीस-चाळीस. न चोळलेल्या ओळींतही गाठी होत्या, मोकळ्या नव्हत्या. कारण या रानात आधी कधीतरी सोयाबीन झालंय आणि त्याचे जिवाणू मातीत तग धरून असणार. पण त्या बारीक आणि लांबच्या मुळ्यांवर विखुरलेल्या. नखानं गाठ फोडून आत्तींना दाखवली. आतून लालसर गुलाबी.

"रगात हाय गं ह्यात."

अगदी तसंच आहे. हवेत ७८ टक्के नत्र, पण त्याच्या दोन अणूंची मिठी इतकी घट्ट की झाडाला ते घेता येत नाही. ती मिठी सोडवणारं जिवाणूचं विकर (एन्झाइम) प्राणवायू लागला की निकामी होतं, आणि जिवाणूला श्वासाला तर प्राणवायू हवाच. म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन असतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंड. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच पुढं सोडतं. गाठ आतून गुलाबी म्हणजे काम चालू, हिरवट किंवा करडी म्हणजे काम बंद. आत्तींनी त्या दिवशी गल्लीतल्या तिघीजणींना रानात आणून गाठी फोडून दाखवल्या. माझ्या पदवीला इतका मान लग्नातही मिळाला नव्हता.

सोयाबीन काढून नोव्हेंबरात पुन्हा ऊस. आता बेणेप्रक्रिया दोन टप्प्यांत. आधी औषधाच्या द्रावणात दहा-पंधरा मिनिटं, बाहेर काढून निथळू दिलं, मग दुसऱ्या, धुतलेल्या बॅरलमध्ये ॲसिटोबॅक्टर आणि स्फुरदवाले, अर्धा तास. शिफारस हेक्टरी अनुक्रमे १० किलो आणि सव्वा किलो, शंभर लिटर पाण्यात. ॲसिटोबॅक्टर हा मुळावर गाठ करत नाही, तो थेट उसाच्या आत, रसात राहतो. ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर यांच्या गटानं १९८८ मध्ये त्याची नोंद केली. गोड आणि आंबट अशा जागी, जिथं बाकीचे टिकत नाहीत, तिथं हा सुखानं नांदतो. या प्रक्रियेनंतर नत्र निम्म्यानं कमी करा अशी विद्यापीठाची शिफारस आहे. मी पाव भागच कमी केलं. पिवळा खोडवा एकदा बघितलेल्या बाईकडून एवढंच धाडस होतं.

डिसेंबरात त्याच सरीत, त्याच खोलीवर तिसरी बंडी पुरली. फेब्रुवारीत काढली तर पाठीचा भाग चाळणीसारखा, पुढचा बराचसा गेलेला, गळ्याची पट्टी शिल्लक. परसातल्यासारखी नाही. कर्ब परत तपासला तो ०.५१ टक्के. तीन वर्षांत ०.१३ वाढला, त्यातही नमुना कुठून घेतला यावर थोडंफार इकडंतिकडं होतंच.

तो ऊस गेला एकतीस टन. आता भावकीतली माणसं विचारतात, "वहिनी, बाटली कंच्या कंपनीची?" मी म्हणते, पाचट जाळू नका. ते म्हणतात, ते असू दे, बाटलीचं नाव सांगा.

ऊस गेल्यावर चारेक दिवसांनी रात्री खालच्या अंगाच्या रानात त्यांनी काडी लावली. वारं नदीकडनं आमच्याकडं. मी आणि नवरा पाठीवर फवारणीचे पंप घेऊन पळालो, तर बांधावर आधीच मामा. गुडघ्याला पट्टा, हातात भिजवलेलं पोतं, आमच्या पाचटाच्या कडेला येणारी प्रत्येक ठिणगी ते झोडपत होते आणि पलीकडं ओरडत होते, "हिकडं येऊ देऊ नगासा गा! जितराबं हाईत आत!"